गाडी घेतली आहे, आधी पूर्ण वाचा

ती. बाबा आणि ती. आई यांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आईने पहिल्याच वाक्याला "थांब, यांना देते" म्हणून फोन बाबांच्या हातात दिला असता, बाबांना नीट ऐकू आलं नसतं, आणि शेवटी शेजारच्या वहिनींना मधे पडावं लागलं असतं. म्हणून लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. बाबांनी मोठ्याने वाचायचं आणि आईने मधेच गॅस बघायला उठायचं नाही.

मी मोटरसायकल घेतली. गिअरची, साडेतीनशे सीसीची, रॉयल एनफील्डची मीटिअर. पैसे भरून झालेत, दसऱ्याला दारात येईल. पितृपक्ष लागायच्या आधी भरले, आई, तेवढं पाळलं. ठकूमावशीकडून फिरत फिरत तुमच्या कानावर येण्याआधी मीच सांगावं असं वाटलं.

आता आईचा पदर डोळ्यांकडे गेला असणार. आई, नानाकाकांचं मी विसरलेले नाही. पसरणी घाटात ते वळण आलं की एसटीत मी अजूनही खिडकीकडे बघत नाही. रात्र होती, पाऊस होता, डोक्यावर नुसती टोपी होती. त्यानंतर महिन्याभरात बाबांनी येझदी विकली आणि त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. मीही कधी बोलले नाही. कुणाला टोचावं म्हणून आज काढलेला नाही तो विषय. पण गाडी ठरवताना रात्र, पाऊस आणि टोपी या तीन गोष्टी सतत डोळ्यांपुढे होत्या, आणि पुढे जे काही लिहिलंय ते सगळं त्यांच्यावरूनच आलंय.

लोकांना मी वेगवेगळी कारणं देतेय. ऑफिसपाशी कार लावायला जागा मिळत नाही, पेट्रोल वाचतं, कोथरूडहून निघायला सोपं जातं. तुमच्या जावयाने ती ऐकून घेतली आणि म्हणाला, "मग स्कूटर घे की." खरंच आहे. या कारणांना काही अर्थ नाही. मला मोटरसायकल आवडते, एवढंच. मुलगी बंगळुरूला गेली, घराचे हप्ते संपले, आणि एका सकाळी कळलं की आता "नंतर बघू" म्हणायला पुढे फारसं 'नंतर' उरलेलं नाही. बाबा, तुम्हाला हे समजेल. आईला तुम्हीच समजावा.

आणि ही आवड कुणी लावली? येझदीच्या टाकीवर बसून, आरशाच्या दांडीला धरून मेणवलीपर्यंत कोण जायचं? पेट्रोलमध्ये ऑइल ओतायचं माप माझ्या हातात असायचं, आणि ते सांडलं की आईला न सांगता फ्रॉक धुवायचं काम तुमच्याकडे. किक आणि गिअर एकाच दांड्याला, त्यामुळे गाडी सुरू झाली की तो दांडा दाबून पुढे न्यायचा, हे मला शाळेतल्या मुलांच्या आधी येत होतं. पुढे कॉलेजात असताना तुम्ही मागे बसून चालवायला शिकवलंत. वाईत लोक बघायचे. तुम्ही म्हणायचात, "बघू देत, तू समोर बघ."

समोरच बघतेय. तुमच्याच पद्धतीने मांडून दाखवते, चूक असेल तर लाल शाईने खूण करा.

२०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची. म्हणजे धोका नाही असं मी म्हणूच शकत नाही. कारमध्ये पत्रा असतो, इथे मीच पत्रा. त्यात माझं वय ५२. मधे इतकी वर्षं गेली की हातांना सगळं आठवतंय असं वाटतं, आणि माझ्या वयाच्या माणसाला त्या वाटण्यानेच घात होतो. म्हणून पक्कं लायसन्स असूनही पुन्हा शिकवणी लावली. रिकाम्या मैदानावर नुसतं थांबायला शिकवतात. बाबा, तुम्ही म्हणायचात ना, पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटी होशील? कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवायचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. तेव्हाच्या गाड्यांना ड्रम ब्रेक, रस्त्यावर खडी, त्यामुळे तुमचं तेव्हाचं बरोबरच होतं. आता एबीएस आहे. जोरात दाबला तरी चाक जाम होत नाही. तरी माझी बोटं पहिले काही आठवडे तुमचंच ऐकत होती.

वेगाचं तुम्हीच शिकवलंय, ३.६ ने भागा. ताशी ६०ला सेकंदाला साधारण १७ मीटर. विशीतल्या पोरापेक्षा मला ब्रेक लावायला अर्धाच सेकंद जास्त लागला, तरी तेवढ्यात गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते. आणि धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६०ची धडक ४०च्या सव्वादोनपट. तेव्हा शहरात ४०, बाहेर ६०. मागून हॉर्न वाजवणाऱ्याला खुशाल पुढे जाऊ द्यायचं.

दिवस मावळल्यावर नाही. पावसाळ्यात नाही, पहिल्या सरीत तर अजिबात नाही, तेव्हा रस्त्यावरचं तेल वर येतं. हायवेला नाही, म्हणजे खंबाटकीचा प्रश्नच मिटला. वाईला मी आजपर्यंत आले तशी स्वारगेटहून एसटीनेच येईन, शिल्लक राहिलेल्या लाडवांसाठी पिशवी घेऊन. गाडी रविवारी सकाळी मुळशीच्या बाजूला, नाश्त्यापर्यंत घरी. डोक्याला आयएसआयचं, हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट. ते नीट बांधलं तर मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार बसण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. उरलेल्या टक्क्यांबद्दल मी काही बोलत नाही. खांद्या-कोपरांना पॅड असलेलं जाळीचं जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. आई म्हणेल, उकडेल गं. उकडेल.

ही गाडी का, तर सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटर. माझ्यासारख्या सव्वापाच फुटी बाईचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. वजन १९१ किलो, आणि एवढं वजन या वयात कलायला लागलं की हाताने सावरता येत नाही. सिग्नलला उभ्या उभ्या पडून मनगट मोडणारेही पुष्कळ असतात. डोळे तपासले. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात म्हणून डेक्सा नावाची तपासणीही करून घेतली, डॉक्टरीणबाई "ठीक आहे" म्हणाल्या. रक्त पातळ करणारं औषध मला चालू नाही, थायरॉइडची एक गोळी सोडली तर काही नाही.

आता बाबा, जरा पाणी पिऊन घ्या आणि मग पुढे वाचा.

हीच बेरीज मी तुमच्या आणि तुमच्या स्कूटरच्या नावाने मांडली, आणि तुमचं उत्तर वेगळं येतं.

तुम्ही ७९. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. माझं डोकं आपटलं तर टेंगूळ येईल, तुमचं आपटलं तर आत रक्त साकळू शकतं. उतारवयात मेंदू किंचित आक्रसलेला असतो, त्यामुळे त्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, आणि त्रास कधीकधी दोन-तीन आठवड्यांनी दिसायला लागतो. तोवर सगळे म्हणतात, काही नाही, नुसतं वय झालंय. रात्रीच्या लघवीच्या गोळीने उठताना चक्कर येते, तेही तुम्हीच बोललात. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं तुम्ही पुढे ढकलताय. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंतसुद्धा विशीतल्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, आणि तुम्ही साठीच्या किती पुढे आहात ते तुम्हाला माहीत आहे. गाळप हंगाम सुरू झाला की शेतावरून येताना तिन्हीसांजेला उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर.

गेल्या महिन्यात गुडघा फाटकाला घासला म्हणालात. आईने काही सांगितलेलं नाही, तिच्यावर संशय नको. गणपतीला आले तेव्हा स्कूटरचा डावा आरसा नवा होता आणि ब्रेकचा दांडा वाकलेला होता. फाटक एवढं करत नाही, बाबा.

स्वतः बाइक घेते आणि बापाची स्कूटर काढून घेते, असं मनात आलं ना? माझ्याही आलं. उत्तर सापडत नाही म्हणून हे पत्र आठवडाभर टेबलावर पडून होतं. तुम्ही म्हातारे झालात म्हणून नव्हे हो, तुमच्या डॉक्टरांच्या दोन गोळ्या त्या स्कूटरशी जमत नाहीत म्हणून. आणि तुम्ही म्हणाल "मग गोळ्या बंद करतो", तर ते अजिबात चालायचं नाही. गोळ्या चालू, स्कूटर बंद. मी तुमच्या वयाची होईन तेव्हा माझी किल्लीही कुणीतरी मागेल. तुमच्या नातीने आत्ताच सांगून ठेवलंय.

तुमचं लायसन्स मार्चात संपतंय. पंचावन्न ओलांडल्यावर पाच-पाच वर्षांनीच नूतनीकरण होतं आणि डॉक्टरचा दाखला लागतो, तो फॉर्म १अ. ओळखीचे डॉक्टर सही करतील, तेच तर भीतीचं आहे. तो फॉर्म आणूच नका. साताऱ्याला आरटीओत चक्कर मारायचीही गरज नाही.

तुमचं काही अडणार नाही, सगळं बघून ठेवलंय. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायचं कारण नाही, पोस्टमन घरी येऊन बोटाचा ठसा घेतो आणि दाखला तिथल्या तिथे काढतो. तुम्ही त्याला चहा द्यालच. औषधं दुकानातून घरपोच येतील. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या मामांशी बोलले, सोमवारी आणि गुरुवारी शेतावर नेतील, तुमचं पाटाचं पाणी बघून होईस्तोवर थांबतील आणि उजेड असताना घरी आणतील. ते शाळेत तुमच्या हाताखालचेच निघाले, त्यामुळे आवाज चढवायची सोय तिथेही आहे. पैसे मी देईन म्हटलं तर तुम्ही चिडाल, म्हणून पेन्शनमधून तुम्हीच द्या, मी वाद घालत नाही. ग्रंथालय आणि नदीचा घाट पायी. घाटावरची तुमची संध्याकाळची बैठक कुणी हलवत नाही.

आई, तू आता सुटलीस असं समजू नकोस. त्या स्कूटरवर एका अंगाला बसून, मांडीवर भाजीची पिशवी, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने बाबांचा खांदा, हे बंद म्हणजे बंद. अंबाड्यामुळे हेल्मेट बसत नाही हे तुझं कारण मी कॉलेजात असल्यापासून ऐकतेय. एका खड्ड्यात खुब्याचं हाड मोडलं की या वयात माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो, आणि मग बाबांना वरण कोण करून घालणार, त्यांना तर चहा सोडून काही येत नाही. कॅल्शियमची गोळी जेवणानंतर घे. सकाळी गच्चीवर ऊन अंगावर घेत जा, पापड वाळत घालायचं निमित्त कर हवं तर.

रविवारी सकाळी फोनपाशी बसून राहायचं नाही. घरी पोचले की मी फोन करेन, नऊच्या आत. नऊ वाजून गेले तर जावयाला फोन करा, देव पाण्यात ठेवू नका. मावशीला विचारू नका, ती अजून चार अपघात सांगेल.

बाबा, स्कूटर लगेच विकू नका. धूळ बसू न देता पुसत चला, मनाला येईल तेव्हा अंगणात स्टँडवर लावून सुरू करा, कुणाची हरकत नाही. किल्ली मात्र आईच्या कपाटात. दिवाळीला येईन तेव्हा राग असला तर समोर बसवून रागवा, मी ऐकेन. गाडी मात्र ठेवणार.

डाव्या डोळ्याची तारीख मी दिवाळीनंतरची घेतली आहे. पुण्याला आठवडाभर राहायला यायचं, दोघांनी. आईच्या गुडघ्यामुळे खालची खोली रिकामी केलीय, कमोड बसवलाय, गरम पाण्याचा नळ सकाळी साडेपाचलाही चालतो.

तुमची,
बेबी

ता. क. : विम्याचं बाबा विचारतीलच. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, तो घेतला. शिवाय स्वतःच्या नावाचा १५ लाखांचा अपघात विमा. कागद निळ्या फाइलमध्ये, जावयाला जागा माहीत आहे.