'डीप सी' पाकिटावर माशाची जात छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळी बंदी लागली, दिवाळे गावच्या किंवा चेंदणी कोळीवाड्याच्या बाजारात पाट्या कमी दिसू लागल्या, की ठाणे, वाशी, खारघरकर मॉलच्या फ्रीझरकडे वळतात. तिथे कातडी काढलेल्या, बिनकाट्याच्या पांढऱ्या तुकड्यांच्या पाकिटावर 'डीप सी फिश' एवढेच ठळक लिहिलेले आढळते आणि त्या दोन शब्दांवर चढा भाव लावला जातो. खोल पाण्यातला मासा म्हणजे आपोआप भारी मासा, हा समज चुकीचा आहे. त्यात ग्राहकाचे पैसे जातात आणि कधी पोटही बिघडते.

आधी 'खोल' कशाला म्हणायचे ते पाहू. आपल्याकडे दहा-पंधरा दिवसांच्या फेरीवर जाणाऱ्या बोटीची मासळी 'डीप सी'ची म्हणून ओळखली जाते. पण मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर आत असूनही तिथे पाणी आहे 75-80 मीटर. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन जवळपास 300 किलोमीटर रुंद आहे आणि ती संपल्यावरच तळ 200 मीटरच्या खाली उतरतो. म्हणजे आपली सुरमई, घोळ, वाम हे लांबचे मासे असतील, खोलचे नव्हेत. शास्त्रात खोल समुद्र 200 मीटरच्या खाली सुरू होतो आणि मांसाचा पोत खऱ्या अर्थाने बदलतो तो आणखी काही शे मीटर खाली.

तिथे अंधार, थंडी आणि खाणे कमी. जोरात पोहून भक्ष्याचा पाठलाग करण्याची गरज फारशी नसते, म्हणून अनेक जातींचे स्नायू सैल, पाणीदार आणि हाडे मऊ असतात. सुरमईच्या मांसात पाणी साधारण 75 टक्के; खोलवरच्या काही जातींत ते 90 टक्क्यांच्या आसपास जाते. असा तुकडा तव्यावर टाकला की आधी उकळतो, मग आक्रसतो आणि शेवटी चिवट पापुद्रा उरतो. बोंबलाच्या ताटावर वाढलेल्या आपल्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. बोंबील उथळ पाण्यातला, तरी त्यात 85 ते 90 टक्के पाणी. म्हणून तर तो चिरून वरवंट्याखाली दाबतात किंवा वलांडीवर वाळवतात. खोलवरच्या पाणीदार माशालाही हीच वागणूक लागते. फरक इतकाच की बोंबलाचा भाव बोंबलाचा असतो.

मग काही खोल मासे जगभर महाग का? त्यांच्या चरबीमुळे. दक्षिण गोलार्धातल्या पॅटागोनियन टूथफिशला तरंगण्यासाठी लागणारी हवेची पिशवी नसते, त्याऐवजी मांसात भरपूर चरबी असते. ही चरबी आपल्याला पचते आणि तुकडा जास्त शिजला तरी कोरडा पडत नाही. हॉटेलांत तो 'चिलियन सी बास' म्हणून मिळतो. हे नाव 1977 मध्ये अमेरिकेतल्या एका आयातदाराने विक्रीसाठी ठेवले; मासा बास कुळातला नाहीच. न्यूझीलंडकडचा ऑरेंज रफी शंभराहून अधिक वर्षे जगतो आणि प्रजननक्षम व्हायलाच वीस-तीस वर्षे घेतो. मागणी वाढल्यावर काही दशकांत त्याचे थवे खलास होत गेले. इतकी वर्षे जगणाऱ्या माशात पाराही साठतो. गरोदर बायकांनी तो टाळावा, असे अमेरिकेचे अन्न खाते सांगते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मेणचरबीचा आहे. ऑरेंज रफीच्या कातडीखाली मेणासारख्या चरबीचा थर असतो, म्हणून कारखान्यात त्याची कातडी मुद्दाम जाड सोलतात. ऑइलफिश आणि एस्कोलार या दोन माशांत मात्र ही मेणचरबी मांसातच भिनलेली असते, वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी. माणसाच्या आतड्याला ती पचवता येत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून दीड दिवसापर्यंत कधीही पिवळसर-केशरी तेल, शौचाची जाणीव न होता, आपोआप बाहेर पडते. सोबत पोटात मुरडा. हे दोन्ही मासे ट्यूनाच्या लांब दोरीच्या गळाला लागतात, दिसायला पांढरेशुभ्र आणि चवीला लोण्यासारखे. जपानने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. हाँगकाँगमध्ये 2007 साली ऑइलफिश 'कॉड' म्हणून विकला गेला आणि शेकडो तक्रारी आल्या. भाजून थोडी चरबी गळते, सगळी जात नाही. आख्खा ऑइलफिश खरखरीत, काटेरी खवल्यांवरून ओळखता येतो. कातडी काढल्यावर घरी ओळखण्याची खात्रीची खूण उरत नाही. पाकिटावर जातीचे नाव हवे, हा आग्रह मुख्यतः यासाठीच.

आता वजनाचा हिशेब. गोठवलेल्या तुकड्यावर सुकू नये म्हणून बर्फाचा पातळ थर देतात. थर योग्यच, पण तो माशाच्या भावाने विकणे योग्य नाही. कोडेक्स या अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार निव्वळ वजनात हा बर्फ धरायचा नसतो. घरी ढोबळ अंदाज घेता येतो: पाकीट उघडून तुकडे चाळणीत ठेवा, खाली भांडे, वर झाकण, आणि रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. सकाळी तुकडे टिपून वजन करा. समजा 500 ग्रॅमचे पाकीट 600 रुपयांना घेतले आणि हाती 380 ग्रॅम आले, तर मासा 1,200 नव्हे, जवळजवळ 1,580 रुपये किलोने पडला.

पाकिटात सुटा चुरा बर्फ दिसला तर माल मध्ये एकदा तरी वितळून पुन्हा गोठला असण्याची शक्यता मोठी. वाहतुकीत उणे 18 अंश राखले नाहीत, की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फाटतात आणि आधीच सैल असलेले मांस स्पंजसारखे होते. कडेला पांढरे, कोरडे डाग असतील तर ते पाकीट घेऊच नका. गरम पाण्यात वितळवण्याची घाईही नको. पाणीदार निघालेल्या अर्धा किलो तुकड्यांना चमचाभर मीठ लावून वीस मिनिटे ठेवा, सुटलेले पाणी टाका, कोरडे टिपा, तांदळाचे पीठ-रवा लावून चांगल्या तापलेल्या तव्यावर टाका. कालवणात असा मासा विरघळतो.

युरोपीय संघात 2013 च्या नियमानुसार माशाचे व्यापारी व शास्त्रीय नाव, कुठल्या समुद्रात पकडला आणि आधी गोठवून वितळवला आहे का, हे ग्राहकाला सांगावे लागते. ठाणे जिल्ह्यातल्या मॉल आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडे अन्न व औषध प्रशासनाने याच चार गोष्टी आणि बर्फ वगळून वजन, एवढे मराठीत छापण्याचा आग्रह धरावा. छपाईचा खर्च पाकिटामागे काही पैशांचा आहे. तोपर्यंत नुसते 'डीप सी', किंवा एस्कोलार ज्या नावांखाली खपवला जातो ते 'व्हाइट ट्यूना' वा 'बटरफिश' लिहिलेले पाकीट परत ठेवावे आणि कातडीसकट तुकडी मागावी.

– मत्स्यप्रक्रिया व्यवसायातील एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई