ताई, तुमच्या मतांबद्दल आभार (न पटलेल्यांसकट)

प्रिय ताई,

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. 'ते राहू दे गं, पुढचा सीझन बघितलास का?' म्हणून हे पत्र उघड्यावर, चारचौघांत. इथे तुम्हाला मधे तोंड घालता येणार नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी घरी पडून होते, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी बघायला सुचवून जायचा. 'भन्नाट आहे', 'चुकवू नकोस', 'आम्ही एका बैठकीत संपवली'. ऐकून ऐकून काहीच लावावंसं वाटेना. तुम्ही वहीचा एक पाठपोट कागद पाठवलात. नावांपुढे ना तारे ना गुण, फक्त एकेक ओळ, आणि एकाही ओळीत 'छान' हा शब्द नव्हता. पहिल्याच नावापुढे लिहिलं होतं: 'छत कधी दिसायला लागतं ते बघ.'

नाव होतं सिडनी लुमेटच्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'चं. 1957 सालचा, जेमतेम दीड तासाचा, जवळजवळ अख्खा एका खोलीत घडणारा सिनेमा. खटल्याचा निकाल द्यायला बसलेले बारा सामान्य नागरिक, म्हणजे ज्युरर, आणि एका पोराच्या जिवाचा प्रश्न. एरवी मी नुसते संवाद ऐकले असते. तुमच्या त्या ओळीमुळे सगळं लक्ष वर. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या वरून बघतो, मग त्यांच्या पातळीला येतो, शेवटी खाली जातो, आणि छत टेकल्यासारखं डोक्यावर येतं. लेन्सही अशा बदलत नेल्यात की भिंती पुढे सरकल्यासारख्या वाटतात. वाद तापलाय म्हणून जीव गुदमरतोय असं आपण समजतो, पण त्यातलं निम्मं काम कॅमेरा गुपचूप करत असतो. नायक झालेला हेन्री फोंडा अंमळ जास्तच सज्जन आहे आणि सिनेमा खरा त्याच्याशी भांडणाऱ्या ली जे. कॉबचा आहे, हे तुमचं मत मला शंभर टक्के मान्य. यावरच बासू चटर्जींनी केलेला 'एक रुका हुआ फैसला' (1986) तुम्ही 'पंकज कपूरसाठी' म्हणून लिहिला होता. तो मला थोडा भडक वाटला. तुम्हाला नाही वाटला. असो.

तुमच्या मतांची हीच गंमत आहे. त्यांना पत्ता असतो. सिनेमा चांगला की वाईट हे तुम्ही सांगतच नाही. कुठल्या ठिकाणी बघायचं, कुठे कान द्यायचा, तेवढं सांगून मोकळ्या होता. मग तिथे जाऊन मला स्वतःला काय दिसतं ते मी बघू शकते, आणि तुमच्याशी भांडूही शकते. 'मस्त आहे' म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

'कोर्ट'पुढची तुमची ओळ तर नुसती सूचना होती: 'दिवे गेल्यावर उठू नको.' चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा (2014) मी आधी अर्धवट बघून सोडला होता. कॅमेरा हलत नाही, कुणी टाळीचं वाक्य म्हणत नाही, सरकारी वकीलबाई कलमं वाचून दाखवतात ती आपणही निमूट ऐकायची. या वेळी शेवटपर्यंत बसले. सुट्टी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा. कुठल्याही दिग्दर्शकाने इथेच नावं वर सरकवली असती. ताम्हाणे त्यानंतर आपल्याला न्यायाधीशांच्या सहलीला घेऊन जातो. ते बाकावर बसल्या बसल्या पेंगतात, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाला थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. बस्. आदल्या दोन तासांत जे काही न्यायदान बघितलं, त्यावर याहून कडक भाष्य मी पाहिलेलं नाही. वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, कुटुंबासोबत नाटकाला जातात, त्या दृश्यांचं कामही तेव्हाच लक्षात आलं. या माणसांपैकी खलनायक एकही नाही, आणि एका शाहिराचं आयुष्य मात्र तारखांमध्ये सडतंय.

त्याच्याच खाली अस्गर फरहादीचा 'अ सेपरेशन' (2011) होता, हे तुम्ही मुद्दाम केलंत का? 'तू कुठे बसली आहेस ते ओळख.' पहिल्याच दृश्यात नवरा-बायको घटस्फोटाची बाजू मांडतायत, दोघंही थेट आपल्याकडे बघून. न्यायाधीशाचा फक्त आवाज येतो. म्हणजे त्याच्या खुर्चीत मीच! पुढचा सगळा सिनेमा मी निकाल देत होते आणि फिरवत होते. नवरा नादिर खरा वाटायचा, मग त्यांच्याकडे कामाला आलेली रझिया, मग बायको सिमिन. आणि शेवटी मुलगी कुणाकडे राहणार हे विचारायची वेळ आली तेव्हा फरहादीने मलाही आईबापासोबत बाहेर काढून व्हरांड्यात उभं केलं. मी चिडून तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, 'तुला कळून काय करायचंय?' मला तो शेवट अजूनही थोडा हातचा राखल्यासारखा वाटतो, पण इतक्या हक्काने चिडावं असं त्याआधी फार थोड्या सिनेमांनी वाटायला लावलंय.

मालिकांमध्ये तुमचा हात जरा सैल होता. 'मॅश'साठी लिहिलंत, 'हसण्याचा आवाज कुठे बंद होतो ते ऐक', आणि खरंच, विनोदांमागे वाजणारा तो हशा ऑपरेशनच्या खोलीत गेलं की नसतो. तीन वर्षांच्या कोरियन युद्धावर अकरा सीझन (1972 ते 1983) कसे चालले, याचं निम्मं उत्तर मला त्या शांततेतच मिळालं. 'चेर्नोबिल'ला (2019) तुम्ही 'बाई खोटी आहे' एवढंच लिहून नाक मुरडलंत. उलाना खोम्युक ही कल्पित व्यक्तिरेखा आहे, अनेक शास्त्रज्ञांच्या जागी उभी केलेली, हे मालिका स्वतःच शेवटी सांगून टाकते. पाच भागांत डझनभर शास्त्रज्ञ आले असते तर त्यांतला एक तरी आपल्या लक्षात राहिला असता का? 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या शेवटच्या सहा भागांबद्दल आपलं एकमत आहे, त्यावर शाई नको.

'द वायर'वर मात्र बोलायलाच हवं. 'पहिले चार भाग कंटाळा येईल. येऊ दे.' अशी शिफारस कोण करतं? पण त्यामुळेच मी टिकले. 2002 ते 2008, साठ भाग, आणि दर सीझनला बाल्टिमोर शहराचा नवा कोपरा: गोदी, राजकारण, शाळा, शेवटी वर्तमानपत्र. मालिका लिहिणाऱ्यांपैकी डेव्हिड सायमन आधी पत्रकार होता, एड बर्न्स पोलीस आणि नंतर शिक्षक, त्यामुळे पोलीस ठाण्यातल्या कटकटीही कुणाच्या तरी अंगावरून गेलेल्या वाटतात. लोक दुसरा सीझन गाळायला सांगतात. तुम्हाला तोच सगळ्यात प्रिय. मला चौथा, शाळेचा. पाचव्याबद्दल तुम्ही म्हणाला होतात की स्वतःच्या जुन्या धंद्यावर लिहायला बसलं की माणसाला हिशेब चुकते करायचा मोह होतो. हे वाक्य मी त्यानंतर बऱ्याच ठिकाणी खपवलंय. आज मालकीण जाहीर करते.

आता 'फ्लीबॅग'. इथे मी तुमची री ओढणार नाही. नायिकेचं कॅमेऱ्याकडे बघून बोलणं ही तुमच्या मते चलाखी, म्हणून तुम्ही पहिल्या सीझननंतर सोडून दिलीत. अहो, ती चलाखी पकडली जाते! दुसऱ्या सीझनमध्ये नायिका बोलता बोलता आपल्याकडे बघते, आणि समोरच्या पाद्र्याच्या ते लक्षात येतं. आत्ता कुठे गेली होतीस, असं तो तिला विचारतो. इतका वेळ आपण तिचे विश्वासातले म्हणून मिरवत असतो. तिथे कळतं की ती समोरच्या माणसांपासून पळून आपल्याकडे येत होती. पहिला सीझन त्या एका क्षणासाठी रचलेला आहे असं माझं ठाम मत आहे. अर्ध्या तासाहून लहान सहा भाग उरलेत तुमचे. कारणं नकोत.

'अ‍ॅडोलसन्स'चा (2025) वाद तर मिटायचाच आहे. चारही भाग एकेका सलग शॉटमध्ये घेतलेत, आणि तुमच्या मते ती निव्वळ कसरत. शाळेच्या भागापुरतं कबूल. तिथे माझं लक्ष गोष्टीवरून उडून कॅमेरा आता कुठून वळणार याकडे गेलं. पण तिसऱ्या भागात, मानसशास्त्रज्ञ बाई आणि खुनाचा आरोप असलेला तो मुलगा एका खोलीत बसलेत, तिथे एक जरी कट असता तर तिला श्वास घ्यायला जागा मिळाली असती, आणि मलाही. ती मिळत नाही हाच तर तो भाग आहे. तो आणखी एकदा बघा आणि मग बोला.

माझा गुडघा बरा झालाय, कागद घड्यांवर फाटायला आलाय. किश्लोव्स्कीचा 'डेकालॉग' तेवढा राहिलाय, एकेक तासाचे दहा भाग. त्याच्यापुढे तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. विसरलात की मुद्दाम, ते आत्ता सांगू नका. मी पहिले दोन बघून कळवते. तोवर 'फ्लीबॅग' उरका.

तुमची,
(कोण ते तुम्हाला माहीत आहे)