बिल एव्हान्स राहूनच गेला की!

सा. न. वि. वि.,
रविवारच्या पुरवणीतला जॅझवरचा लेख आवडला, पण त्यात पियानोवादक बिल एव्हान्सचं नावच नाही हे जरा खटकलं म्हणून लिहितोय. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमवर बहुतेक ठिकाणी पियानो त्याचाच आहे, आणि माझ्या मते त्याचं खरं काम पुढेच, २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये रविवारी दिवसभरात पाच सेट वाजवले, त्यातून दोन अल्बम निघाले. त्यात बास वाजवणारा स्कॉट लाफारो नुसती साथ देत नाही, जुगलबंदीच म्हणा, आणि तो अवघ्या २५ व्या वर्षी, रेकॉर्डिंगनंतर ११ दिवसांनी, कार अपघातात गेला. एव्हान्स मग कित्येक महिने वाजवेचना.

गंमत म्हणजे या क्लबमधल्या रेकॉर्डिंगमध्ये मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांच्या गप्पा चक्क ऐकू येतात, आपल्याकडे सवाईत कोणी एवढं बोललं असतं तर मागच्या रांगेतल्या काकांनी उठवलंच असतं! हेडफोन लावून रात्री ऐका.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे