सोय माझ्या खिशातच होती, सांगणारं कोणी नव्हतं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

३४ वर्षं मी मुद्रितशोधक म्हणून काम केलं. दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि उकार दुरुस्त करण्यात उमेदीचा काळ गेला, त्यामुळे हे पत्र पाठवताना जरा धास्ती वाटते. आता मला जवळजवळ काही दिसत नाही. पत्र बोलणाऱ्या फोनवर लिहिलं आहे आणि कानाने तपासलं आहे.

दर ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, आपल्या अंकात एखादी जिद्दीची कहाणी असते. कोणी पायाने चित्रं काढतं, कोणी कृत्रिम पाय लावून शिखर चढतं. बायको मला ती वाचून दाखवते. कहाण्या खोट्या नसतात, लिहिलेल्याही चांगल्या असतात. पण माझी नजर गेली त्या वर्षी अशी एक कहाणी ऐकून मी रात्रभर जागा होतो. मला शिखर चढायचं नव्हतं. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन सारख्या बाटल्यांपैकी सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती, एवढंच कळायला हवं होतं. (उत्तर मला दीड वर्षाने मिळालं: रात्रीच्या बाटलीला रबरबँड गुंडाळायचा.)

माझा आजार काचबिंदू. यात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. बहुतेकदा आधी कडेची नजर जाते, आणि मेंदू त्या गाळलेल्या जागा आपल्या मनाने भरून टाकतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मला शंका आली ती प्रुफं वाचताना. ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात सापडेना. लागोपाठ दोन पुस्तकांत माझ्या हातून ढळढळीत चुका सुटल्या आणि मी चष्म्याला बोल लावत राहिलो. निदान झालं तोवर फार उशीर झाला होता. या आजारात गेलेली नजर परत येत नाही. थेंब किंवा शस्त्रक्रिया उरलेली सांभाळते, आणि तीही प्रत्येकाची सांभाळली जातेच असं नाही.

डॉक्टर चांगले होते. खोटी आशा दाखवली नाही. शेवटच्या मोठ्या तपासणीनंतर म्हणाले, "आता आणखी करण्यासारखं काही नाही. थेंब मात्र बंद करू नका." फाइल मिटली. मी आणि बायको बाहेर लिफ्टपाशी उभे राहिलो. हातातल्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख होती. दुसरं काही नव्हतं.

डोळ्यापुरतं ते वाक्य बरोबरच होतं. पण घरी जाऊन ज्याला जिना उतरायचा होता, सही करायची होती, बातम्या वाचायच्या होत्या, त्या माणसासाठी करण्यासारखं बरंच काही होतं. ते कोणत्या दारामागे आहे हे सांगणं त्या इमारतीत कोणाचंच काम नव्हतं. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती एका दवाखान्याबद्दल नाही.

त्यानंतरचे १४ महिने मी खुर्चीत बसून काढले. फोन आला तर बायको उचलून कानाला लावायची. मग तिच्या भाचीच्या ओळखीतून एका अंध बाईंचा फोन आला. त्या जन्मापासून अंध, नोकरी करणाऱ्या. सांत्वनाचं एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, फोन कोणता आहे तुमचा? काकूंना द्या जरा." मग बायकोला सांगितलं, सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' शोधा, त्यात 'टॉकबॅक' असेल, ते सुरू करा. पाच मिनिटांत फोन बोलायला लागला. बोट फिरवलं की खाली काय आहे ते सांगतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. बायको म्हणाली, "अहो, म्हणजे हे आधीपासून यातच होतं?"

यातच होतं. वर्षभराहून अधिक काळ ते माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं, फुकट. आयफोनमध्ये तीच सोय 'व्हॉइसओव्हर' नावाने २००९ पासून आहे. संगणकासाठी 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे, तोही फुकट. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी तो घडवला, कारण बाजारातले स्क्रीन रीडर महाग होते. तो मराठीही वाचतो. आवाज रोबोसारखा आहे, पण महिन्याभरात कान सरावतो.

त्याच बाईंनी मला एका प्रशिक्षण केंद्राचा पत्ता दिला. तिथे पहिल्या दिवशी माझ्या पिशवीतून एक भिंग निघालं. दिवा असलेलं, महागडं, एका विक्रेत्याने गळ्यात मारलेलं. शिकवणारे हसले नाहीत, पण त्यांनी समजावलं. ज्याच्या मधल्या नजरेवर धूसर डाग असतो त्याला भिंगाचा उपयोग होतो. माझी उरलेली नजर म्हणजे नळीतून दिसावं तशी. तिथे अक्षर मोठं केलं की ते नळीच्या बाहेर सांडतं, आणि एक 'क्ष' पुरता मावत नाही. माझ्या डोळ्याला ते भिंग उलट अडचणीचंच होतं. कोणतंही उपकरण घ्यायच्या आधी हे सांगणारा माणूस भेटायला हवा. विक्रेत्याला त्याचं दुकान माहीत असतं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या कारकुनाला सवलती माहीत असतात, डॉक्टरांना डोळा माहीत असतो. प्रत्येक जण आपापल्या खोलीतलं बरोबर सांगतो. खोल्यांमधली दारं कोणी दाखवत नाही.

काठीचंही तसंच. मला वाटायचं, पांढरी काठी म्हणजे आधाराची काठी, हातात घेतली की झालं. ती छातीच्या हाडापर्यंत येईल एवढी लांब लागते आणि ती चालवणं ही शिकायची विद्या आहे. उजवं पाऊल पुढे पडतं तेव्हा काठीचं टोक डावीकडे टेकलेलं असतं, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जमीन आधीच चाचपून झालेली असते. ही रीत दुसऱ्या महायुद्धात नजर गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी बसवली. मला ती जमायला दोन महिने लागले. पहिल्यांदा एकटा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो तेव्हा बायको गॅलरीतून पाहत होती हे मला नंतर कळलं.

आता जे लिहितो ते घरातही फार उशिरा बोललो. नजर गेल्यावर काही महिन्यांनी मला समोरच्या भिंतीवर जाळीची नक्षी दिसू लागली. पुढे तिथे माणसं दिसू लागली, वीतभर उंचीची, टोप्या घातलेली, कुठेतरी निघालेली. बोलत नसत. मी पाच महिने गप्प राहिलो. नजर गेली, आता डोकंही चाललं, असंच वाटत होतं. केंद्रात एकदा चाचरत विषय काढला तर शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला माणसं दिसतात? मला घोडे दिसायचे." स्विस निसर्गअभ्यासक शार्ल बोने याने आपल्या आजोबांना असंच दिसत असल्याचं १७६० मध्ये लिहून ठेवलं आहे, आणि या प्रकाराला त्याचंच नाव दिलेलं आहे. डोळ्याकडून चित्र येईनासं झालं की मेंदू आपल्या पदरची चित्रं काढतो. हा मनाचा आजार नाही, अनेकांत तो काळाने कमी होतो. माझी टोपीवाली माणसं आता क्वचितच येतात. एका वाक्याने माझे पाच महिने वाचले असते.

आणि हे फक्त अंधांचं दुखणं नाही. त्याच केंद्राच्या इमारतीत मणक्याला मार बसलेला एक तरुण भेटला. घरी पाठवताना त्याला चाकाची खुर्ची मिळाली, पण बसून बसून जखम होऊ नये म्हणून योग्य गादी लागते आणि दर १५-२० मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलायचं असतं, हे कोणी सांगितलं नाही. जिथे संवेदनाच नाही तिथे जखम झालेली कळणार कशी? त्या जखमेपायी तो चार महिने पालथा पडून होता. एक आई भेटली, तिच्या मुलीला ऐकू येत नाही हे तिसऱ्या वर्षी कळलं. जन्मानंतर महिन्याभरात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय सुरू, असा जगभर सांगितला जाणारा आराखडा आहे. तिच्यापर्यंत तो पोचला नव्हता.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या कलम ४ मध्ये साधनं, सेवा आणि मदतीची माहिती अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात देणं हे सरकारांचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. कलम २६ म्हणतं की पुनर्वसन शक्य तितक्या लवकर सुरू व्हावं, आणि त्यात समदुःखी माणसांच्या आधाराचाही नाव घेऊन उल्लेख आहे. मला मिळालेला तो फोन म्हणजे दैवयोग नव्हता, करारात लिहिलेली गोष्ट होती. मला मात्र ती भाचीच्या ओळखीने मिळाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात अडीच अब्जांहून अधिक लोकांना चष्म्यापासून चाकाच्या खुर्चीपर्यंत एखादं तरी सहायक साधन लागतं आणि सुमारे एक अब्ज लोकांना ते मिळत नाही. त्यांतल्या कितींना ते असतं हेच ठाऊक नसेल, असा विचार मनात येतो.

माझी दवाखान्यांना विनंती आहे: "करण्यासारखं काही नाही" असं म्हणण्याआधी एक छापील कागद हातात ठेवा. त्यावर जवळचं पुनर्वसन केंद्र, प्रमाणपत्राची जागा आणि तोच आजार पाच-दहा वर्षं जगलेल्या, बोलायला तयार असलेल्या दोन माणसांचे फोन असावेत. आणि तो कागद रुग्णाला वाचता येत नाही हे लक्षात ठेवून मोठ्याने वाचून दाखवा.

नव्याने यात सापडलेल्यांना एवढंच सांगेन, आधी माणूस शोधा, वस्तू नंतर. दुकानात जाण्याआधी आपल्यासारख्याच कोणाला तरी फोन करा. कार्यालयात गेलात तर कोणाशी, कधी बोललात ते लिहून ठेवा आणि नकार मिळाला तर लेखी मागा. लेखी मागितल्यावर निम्मे नकार विरघळतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. ३ डिसेंबरची कहाणी खुशाल छापा, पण बाकीचे ३६४ दिवस रिकामे जाऊ देऊ नका. आठवड्यातून एकदा चौकटीत एक गोष्ट द्या: एक साधन, ते कोणाला लागतं, कोणाला लागत नाही, कुठे शिकवतात. बाटलीचा रबरबँडही चालेल. दुसरी मागणी आपल्या ई-अंकाची. आपली पानं चित्राच्या रूपात येतात. माझा फोन त्यावर बोट ठेवलं की "प्रतिमा" एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. जुन्या पुरवण्या काढल्या तर त्यांचा फाँट युनिकोड (कोणत्याही यंत्राला अक्षरं ओळखता येतील अशी पद्धत) नसल्याने मराठी मजकुरातून इंग्रजी अक्षरांचा कचरा ऐकू येतो. मजकूर युनिकोडमध्ये दिलात की बायकोला वाचून दाखवावं लागणार नाही. तिची तक्रार नाही, पण अग्रलेख वाचताना ती दोन परिच्छेद गाळते हे मला पक्कं ठाऊक आहे.

एक शेवटची विनंती. ओघात ऐकताना ह्रस्व आणि दीर्घ वेलांटीतला फरक कानाला फारसा लागत नाही. शंका आली तिथे मी एकेक अक्षर सुटं करून ऐकलं आहे, तरी काही सुटलं असेल. आपल्या मुद्रितशोधकाकडून एकदा तपासून घ्यावं. त्याला माझा नमस्कार सांगा आणि डोळ्यांचा दाब तपासून घ्यायला सांगा.

कृपया नाव छापू नये.

आपला,
एक जुना वाचक, हल्ली श्रोता