मावशी, तुमचा डबा आमच्याकडंच राहिला

परभणीहून सचखंडनं आम्ही राष्ट्रीय सांघिक बुद्धिबळ स्पर्धेला निघालो. चार पटांवरचे चौघं आणि एक राखीव. मनमाड सुटल्यावर आमच्या तिसऱ्या पटाला ताप भरला. समोरच्या बर्थवरच्या मावशी रात्रभर स्वतःचा रुमाल भिजवून त्याच्या कपाळावर ठेवत होत्या. सकाळी आम्हा सगळ्यांना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आम्ही पेंगत असताना त्या कुठं उतरल्या, कळलंच नाही.

स्पर्धेच्या गावी ज्या रिक्षावाल्या दादांनी त्याला दवाखान्यात नेलं, ते बाहेर तासभर थांबले आणि थांबल्याचा एक रुपया घेतला नाही.

पहिल्या फेरीची यादी देताना घोळ मीच घातला. सांघिक स्पर्धेत पटांचा क्रम आधीच ठरलेला असतो. तिसरा आजारी म्हणून राखीव थेट त्याच्या जागी बसत नाही. चौथा वर सरकतो आणि राखीव चौथ्या पटावर जातो. मी उलटंच लिहिलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या संघाच्या कर्णधारानं न बोलता कागदावर बोट ठेवलं. तिसऱ्या फेरीत गाठ त्यांच्याशीच पडली, अन् त्यांनी आम्हाला अडीच-दीडनं हरवलं! एकाच गुणाचा फरक, पण सामन्याचे दोन्ही गुण त्यांचे, आम्हाला भोपळा. तरी राग येईना.

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. नावं विचारायचं राहूनच गेलं. आणि मावशी, झाकणाला पोचा आलेला तो स्टीलचा डबा घासूनपुसून ठेवलाय.