रशियन फौज म्हणजे नुसते रणगाडे नव्हेत

संपादक साहेब, रशियन भूदलावरचा तुमचा लेख वाचला, सगळा भर रणगाड्यांवर, पण त्यांचा खरा जीव तोफखान्यात आहे हो. आधी ओरलान-१० ड्रोन फिरवून टार्गेट शोधायचं, मग ग्रॅड लाँचरने २० सेकंदात ४० रॉकेटं टाकून सगळं भाजून काढायचं आणि मगच पायदळ पुढं. एवढा दारूगोळा येतो रेल्वेने, त्यासाठी सैन्यात वेगळे रेल्वे ट्रूप्सच आहेत! रूळ संपले की मात्र घोडं अडतं, २०२२ ला युक्रेनच्या कीव्हजवळ रशियन लष्करी गाड्यांची ६४ किमीची रांग लागली ती उगाच नाही (चिखलही होताच म्हणा). शिवाय रणगाडे, तोफा, पायदळ एकत्र करून बनवलेले ६००-८०० जणांचे ते बटालियन टॅक्टिकल ग्रुप, त्यात पायदळच कमी, मग शहरात शिरणार कोण? म्हणून आता परत डिव्हिजन, म्हणजे हजारो जणांच्या मोठ्या तुकड्या, उभारतायत.

- एक वाचक