कुत्र्याचा पंजा: आधी जखम पाहा, मग पट्टी बांधा

महोदय,

दिवाळीनंतर माळावरचे गवत वाळते आणि कुत्री लंगडू लागतात. घरचा उपाय ठरलेला: हळद-तेल थापायचे, वर चिंधी गुंडाळायची. हळदीने कुत्र्याला विषबाधा होत नाही, पण तिचा थर बसला की आत काय रुतले आहे ते दिसत नाही. आणि पंजाच्या जखमेत आधी पाहायचे असते तेच.

कुसळाची लव मागे वळलेली असते, त्यामुळे पाऊल पडेल तसे ते आतच सरकते, बाहेर येत नाही. बोटांच्या बेचकीत घुसले की काही दिवसांत लाल, मऊ गाठ येते. ती फुटते, सुकते आणि पुन्हा फुगते. अशी गाठ पिळू नये. टोक बाहेर दिसत असेल तरच चिमट्याने अगदी मुळाशी धरून सरळ ओढावे. वाकवले की तुटते. टोक दिसत नसेल तर सुईने खोदण्याचा उद्योग नको, पशुवैद्यकांकडे न्यावे. प्रतिजैविकाने सूज उतरते, कुसळ मात्र जागेवरच राहते.

काचेने पंजाखालची मऊ गादी कापली असेल तर आधी मुसके बांधा. दुखऱ्या पायाला हात लावला की गरीब कुत्रेही चावते. धापा टाकणाऱ्या किंवा पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला मात्र मुसके नको. स्वच्छ कापड जखमेवर पाच मिनिटे दाबून धरा. मध्येच उचलून पाहिले की धरलेली गुठळी सुटते. दहा मिनिटांनीही रक्त थांबले नाही, किंवा पाय टेकताच गादी फाकत असेल, तर टाके लागतील. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

किरकोळ जखमेसाठी अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावे, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने धार मारली की खडी-माती निघते. मग पाच टक्क्यांचे पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक दहापट पाण्यात मिसळून लावावे, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचे. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतूंबरोबर भरून येणारे मांसही जळते.

पट्टीत चुका जास्त होतात. कापूस थेट जखमेवर ठेवला की धागे चिकटतात. आधी गॉझ, म्हणजे जाळीदार कापड, ठेवावा. बोटांच्या मध्ये कापसाचे पातळ बोळे घालावेत, कारण कुत्र्याला पंजालाच घाम येतो आणि बेचकी कुजते. मधल्या दोन बोटांची नखे उघडी ठेवा. ती एकमेकांपासून फाकू लागली तर आत सूज आहे, पट्टी लगेच सोडा. रबरबँड कधीही लावू नये; तो केसांत दिसेनासा होतो आणि पायाचा रक्तपुरवठा तोडतो. बाहेर नेताना वरून प्लास्टिकची पिशवी चालेल, घरात आल्यावर काढायची. पट्टी रोज बदलावी, ओली झाली तर तेव्हाच.

दुखते म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. पट्टीला घाण वास आला, पाय गरम लागला किंवा दोन दिवसांनीही कुत्रे पाय टेकत नसेल, तर घरचे उपचार थांबवून पशुवैद्यकांना दाखवावे.

– एक पशुवैद्यक, फलटण